बोटांना फोड येतात? टेप घेण्याआधी फोड नेमका कुठे आलाय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑनलाइन मागवलेलं ५३ इंची, ४५ पाउंडांच्या ओढीचं ‘हॉर्सबो’, म्हणजे घोडेस्वारांच्या घाटाचं आखूड धनुष्य. दर रविवारी कर्जतजवळ मित्राच्या शेतावर दीडशेच्या आसपास बाण, तेही उघड्या बोटांनी. तर्जनी आणि मधलं बोट जिथे एकमेकांना घासतात तिथे पाण्याचे फोड, अनामिकेचं टोक सोलवटलेलं आणि तर्जनीच्या शेंड्याला अधूनमधून मुंग्या. सोमवारी ऑफिसात कीबोर्डला हात लावला की झोंबतं. तुम्ही विचारलंय की टेप कोणती लावू, आणि कातडी कडक व्हायला किती दिवस लागतात?

मुंग्यांचं आधी बोलू, कारण बाकी सगळं थांबू शकतं, ते नाही. फोड हा कातडीचा प्रश्न आहे. मुंग्या आणि बधिरपणा हा नसेचा. बोटाच्या दोन्ही कडांनी बारीक नसा जातात आणि दोरी त्यांना दाबते. बाण मारून झाल्यावर पाच-दहा मिनिटांत मुंग्या गेल्या तर तो इशारा समजा. दुसऱ्या दिवशीही शेंडा जड वाटत असेल, तर तो पूर्ण पूर्ववत होईपर्यंत धनुष्य खाली ठेवा. आठवडाभरात गेलं नाही तर हाताच्या डॉक्टरांना दाखवा. ‘सवय होईल’ म्हणून नस दाबत राहिलात तर सवय होत नाही, बोटाची जाणीव कमी होते, आणि मग दोरी कुठे बसलीय हेच कळेनासं होतं.

आता फोडांकडे. टेपचं सांगते, पण नंतर, कारण नुसती टेप म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नुसत्या दाबाने बोट दुखतं, पण फोड येत नाही. फोड यायला दाबासोबत ओढ लागते: वरची कातडी दोरीला चिकटून एकीकडे सरकते, आतला थर जागेवर राहतो, दोघांमध्ये फट पडते आणि त्यात पाणी भरतं. कातडी दमट असली की हे चिकटणं वाढतं. मुंबईत आणि कर्जतच्या बाजूला वर्षातले किती महिने हात कोरडे राहतात, ते तुम्हाला माहीत आहेच.

म्हणून ‘कातडी कडक करायची’ हा बेत मला पटत नाही. घट्टे पडतात, नाही असं नाही. मर्यादित घट्टे चांगलेही. पण जाड घट्टा म्हणजे मऊ कातडीवर बसलेली टणक चकती. दोरीची ओढ तेवढीच राहते, ती फक्त चकतीच्या कडेवर आणि तिच्या खाली जाते. घट्ट्याखाली आलेला फोड मी बऱ्याच जणांच्या हातावर पाहिलाय. तो फोडताही येत नाही आणि सहनही होत नाही. त्यामुळे घट्टे वाढवत बसू नका. अंघोळीनंतर वजरीने हलके घासून बाजूच्या कातडीच्या पातळीला आणून ठेवा.

उघड्या बोटांचा आग्रह कुठून येतो तेही मला माहीत आहे. ‘जुने लोक काय टॅब, म्हणजे दोरी आणि बोटांच्या मधला चामड्याचा तुकडा, लावायचे का?’ असलं काहीतरी लावायचे. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांचं वर्णन आहे, त्यात दोघांनी गोधा आणि अंगुलित्राण बांधलेलं आहे. गोधा म्हणजे घोरपडीच्या कातड्याचं संरक्षण, आजच्या भाषेत आर्मगार्ड, आणि अंगुलित्राण बोटांसाठी. एकलव्याचा अंगठा सगळ्यांना आठवतो, हे मात्र कुणाला आठवत नाही. दुसऱ्या टोकाला टीव्हीवर बघून येणारी मुलं असतात. २०२३ मध्ये बर्लिनला ओजस देवतळे आणि अदिती स्वामी जगज्जेते झाले, तेव्हा ‘त्यांची बोटं कशी दुखत नाहीत’ हा प्रश्न मला कितीतरी पालकांनी विचारला. ते कंपाउंड धनुष्य आहे. पूर्ण ओढल्यावर त्याच्या चाकांमुळे हातावरचा बराचसा भार उतरतो, आणि दोरी बोटांत नसतेच, ‘रिलीज’ नावाच्या खटक्याच्या अवजारात असते. तुमच्या धनुष्यात पूर्ण ओढल्यावरच भार सर्वांत जास्त असतो आणि तो सगळा बोटांवर येतो. तुलनाच नाही.

तर आता तुमच्या बोटांवर काय लिहिलंय ते वाचू. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधला फोड हा चिमट्याचा फोड आहे. ५३ इंची धनुष्य २८ इंच ओढलं की बोटांपाशी दोरीचा कोन इतका अरुंद होतो, की वरचं बोट खाली आणि खालचं बोट वर ढकललं जातं आणि मधे बाणाचा नॉक, म्हणजे दोरीत बसणारी मागची खाच, चिरडतो. लक्ष्यभेदी रिकर्व्ह, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते धनुष्य, साधारण ६६ ते ७० इंची असतं, म्हणून तिथे हा त्रास कमी. तुर्की, मंगोल, मुघल अशी आखूड धनुष्यं वापरणारे लोक तीन बोटांनी ओढतच नसत, अंगठ्याने ओढत. म्हणजे तुम्ही अंगठ्यासाठी बनलेल्या घाटाचं धनुष्य तीन बोटांनी ओढताय. इथे टेपचं अख्खं दुकान गुंडाळलंत तरी चिमटा राहणारच.

अनामिकेचं सोलवटलेलं टोक वेगळी गोष्ट सांगतं. दोरी बोटाच्या घडीत नाही, शेंड्याच्या गादीवर बसतेय आणि सुटताना तिथून घसटत जातेय. शिवाय तिन्हींतल्या शेवटच्या बोटावरच जास्त मार बसत असेल, तर दोरी ओढणाऱ्या हाताचं कोपर बहुधा फार वर जातंय. कोपर वर गेलं की भार खालच्या बोटाकडे सरकतो, फार खाली पडलं की तर्जनीकडे. कोपर बाणाच्या रेषेत किंवा किंचित वर, एवढं पुरे. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा, स्वतःला कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात वसईहून एक काका आले होते, तिन्ही बोटांना टेपची मुंडाशी बांधून. टेप सोडवली तर आत कातडी पांढरी, भिजलेली, आणि दोरीचा लाल वळ नखाच्या पातळीला, म्हणजे अगदी शेंड्यावर. धनुष्य बाजूला ठेवून मी त्यांच्या हातात पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्यांची कापडी पिशवी दिली आणि म्हटलं, तीन बोटांवर धरून उभे राहा. दादरच्या मंडईतून भाजीची जड पिशवी आणताना कुणी ती बोटांच्या शेंड्यांवर धरत नाही. बंद आपोआप पेराच्या घडीत जातात, बोटं आकड्यासारखी वळतात, मनगट आणि हाताची मागची बाजू सरळ, सैल राहते. दोरीची पकड तीच. शेंड्याकडून पहिल्या घडीत किंवा किंचित आत दोरी बसवायची, बोटं आकड्यासारखी ठेवायची, आणि ओढायचं काम पाठीने करायचं. शेंड्यांवर धरलं की दोरी निसटू नये म्हणून बोटं आवळली जातात, मनगट बाहेर फुगतं, आणि आवळलेली बोटं सुटताना नेमकी दोरीच्या वाटेत येतात. खोल पकडीने रिलीज, म्हणजे बोटांतून दोरी सुटणं, अडकेल अशी भीती सगळ्यांना वाटते. होतं उलटच.

रिलीजबद्दल एकच गोष्ट. बोटं उघडायची नाहीत. दोरीपेक्षा वेगाने बोट उघडणं कुणाला जमत नाही. फक्त पकड सैल सोडायची, दोरी बोटांना स्वतः बाजूला करते. सुटल्यावर हात जबड्याला घासत कानाकडे मागे गेला तर ठीक. चेहऱ्यापासून बाहेर उडाला, तर तुम्ही दोरी छेडताय, आणि शेंडे सोलवटणारच. सरावासाठी टार्गेटचा कागद काढून टाका आणि अगदी जवळून, नेम न धरता, फक्त हाताकडे लक्ष देऊन मारा. रिकामी दोरी मात्र कधीही सोडायची नाही, धनुष्य तुटतं.

पण हे सगळं शिकायला ४५ पाउंड जड आहेत, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ४५ पाउंड म्हणजे २० किलोच्या वर. दीडशे बाण म्हणजे एका रविवारी त्या तीन बोटांनी तीन टन ओढले. शिवाय हा आकडा बहुतेक धनुष्यांवर २८ इंचांच्या ओढीला धरलेला असतो. तुम्ही उंच असाल आणि ३० इंच ओढत असाल, तर दर इंचाला साधारण दोन ते तीन पाउंड वाढतात, म्हणजे प्रत्यक्षात पन्नासच्या आसपास. तुमची ड्रॉ लेंग्थ, म्हणजे तुम्ही किती इंच ओढता ते, तुम्ही लिहिलेली नाही, त्यामुळे इथे मी ठाम बोलत नाही. तपासायचा साधा मार्ग सांगते: बाण लावून, टार्गेटसमोर उभं राहून, पूर्ण ओढून आठ-दहा सेकंद न थरथरता धरता येतं का? येत नसेल तर ते धनुष्य आज तुमचं नाही. काही महिन्यांसाठी २५ ते ३० पाउंडांचं लांब, सुटं होणारं रिकर्व्ह कुणाकडून मिळवा. पुढे त्याच हँडलला जड ‘लिंब’, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या वरच्या-खालच्या पात्या, लावता येतात. हॉर्सबो विकू नका, हौसेला मोल नसतं, पण तूर्त भिंतीवर राहू दे.

बाणांची संख्याही मोजून ठरवू नका. दोरी सोडताना लक्ष लक्ष्यावरून बोटांवर गेलं, म्हणजे ‘आता लागणार’ असं मनात आलं, की त्या दिवसाचा सराव संपला. रविवारी एकदम दीडशेपेक्षा आठवड्यात तीनदा तीस-तीस कधीही बरे. शहरात जागा मिळत नाही हे मान्य, पण म्हणून सोसायटीच्या गच्चीवर बाण मारू नका, हे न विचारताच सांगते. घरी रबर बँड ओढला तरी पकडीचा सराव होतो.

हॉर्सबोच वापरायचं असेल, तर अंगठ्याची पकड नीट शिका. अंगठा दोरीभोवती वळतो, तर्जनी त्याच्या टोकावर कुलूप घालते आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला येतो. त्याला अंगठी लागते, शिंगाची किंवा चामड्याची. सुरुवात चामड्याच्या अंगठीने आणि हलक्या धनुष्याने करा. कडक अंगठी मापाला चुकली तर अंगठ्याची हालत आत्ताच्या बोटांपेक्षा वाईट होते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. उन्हाळ्यात बोट सुजतं, सकाळी बरोबर बसलेली अंगठी दुपारी रुतते, तेही ध्यानात ठेवा.

तीन बोटांनीच चालू ठेवणार असाल तर टॅब घ्या. टॅब की ग्लव्ह यावर पारंपरिक धनुर्धारी रात्रभर भांडू शकतात. माझा कौल टॅबला. ग्लव्हच्या बोटांवर काही आठवड्यांत दोरीची खाच पडते, ती खाच थोडी जरी तिरकी असली तरी दोरी दर वेळी तिथेच अडखळते, आणि आपल्या हवेत आत घाम साचतो तो वेगळाच. जिमचे किंवा सायकलचे फोमवाले ग्लव्ह तर नकोच. दोरी कुठे आहे ते कळत नाही म्हणून माणूस आणखी आवळतो. तुमच्या चिमट्यासाठी टॅबमध्ये तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये स्पेसर असलेला बघा, नॉकला जागा राहते. घोड्याच्या कातड्याचा, कॉर्डोव्हन म्हणतात तो, उत्तम पण महाग.

स्वस्तात करायचं तर धारावीला सायन-वांद्रे लिंक रोडवर चामड्याची दुकानं आहेत, तिथे उरलेले तुकडे मिळतात. गाई-म्हशीचं, गुळगुळीत बाजू असलेलं, दोनेक मिलिमीटर जाडीचं मागा. बॅगेचं मऊ, ताणलं जाणारं चामडं नको, ते बोटांभोवती लोळतं. पुठ्ठ्यावर बोटांचा आकार काढून कापा, गुळगुळीत बाजू दोरीकडे. पहिल्यांदा थोडा मोठाच ठेवा आणि मारून बघत, कात्रीने अगदी नखभर कापत आणा. शेंड्यांच्या पुढे लोंबणारा टॅब दोरीत अडकतो, आखूड झाला तर शेंडा उघडा पडतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा टॅब नवा असतो आणि न कापलेला असतो, आणि दोष बिचाऱ्या रिलीजला मिळतो.

पावसाळ्यात दोन टॅब आलटूनपालटून वापरा. घामाने भिजलेलं चामडं दोरीला धरून ठेवतं. ते पंख्याखाली वाळवा, कडक उन्हात नाही, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू नका. जुलैत चार दिवसांत हिरवी बुरशी येते. बाणांच्या मधे हात आणि टॅबची गुळगुळीत बाजू पंचाने पुसा, लागलीच तर किंचित टाल्कम पावडर लावा. पोहून किंवा अंघोळ करून लगेच सरावाला उभं राहू नका, कातडी फुगलेली असते. आणि परतीच्या लोकलमध्ये कडीला लटकायचं झालं तर दुसरा हात वापरा. हे विनोदाने म्हणत नाही.

दोरीही एकदा तपासा. मधलं सर्व्हिंग, म्हणजे जिथे बोटं बसतात ते गुंडाळलेलं सूत, उसवलं असेल किंवा त्यावर जुनं मेण खरखरीत झालं असेल तर ते किसणीसारखं लागतं. बारीक दोरी बोटात जास्त रुतते. जाड सर्व्हिंग गुंडाळून घेता येतं, पण मग नॉक बसतो का ते बघा: बाण दोरीवर लोंबता राहिला पाहिजे आणि दोरीवर हलकी टिचकी मारली की सुटला पाहिजे. नॉकची जागा दाखवायला दोरीवर बसवलेल्या पितळी नॉक पॉइंटची कड बोटाला लागत असेल तर तो काढून धाग्याचा बांधा.

आता टेप. टेप चालते ती फोड येण्याआधी, लाल झालेल्या गरम जागेवर. कागदी मायक्रोपोर किंवा खेळाडू वापरतात ती कापडी टेप, एकच थर, सुरकुती न पडता. बोटाभोवती घट्ट वेढे देऊ नका, रक्त अडतं. आणि भिजली की बदला. आलेला फोड शाबूत असेल तर फोडू नका, वरची कातडी हीच सर्वांत चांगली पट्टी आहे. ताणून ठणकत असेल आणि फुटणारच असेल, तर हात साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा. कातडी ओरबाडू नका, स्वच्छ पट्टी लावा. आतली जागा हुळहुळायची थांबेपर्यंत धनुष्य नाही. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर डॉक्टर. मधुमेह असेल तर सुई स्वतः लावूच नका, फोड थेट डॉक्टरांना दाखवा.

दोरीचं सगळं सुरळीत झाल्यावर लोक दुसऱ्या हाताची तक्रार घेऊन येतात, म्हणून तेही आत्ताच सांगते. हॉर्सबोला बाण ठेवायला कप्पा नसतो, तो मुठीवरून जातो, आणि पिसाच्या देठाचं पुढचं टोक धनुष्य धरलेल्या हाताला चिरत जातं. चिरा बारीक असतात, पण घाम लागला की जीव जातो. ते टोक पॉलिश पेपरने घासून उतरतं करा आणि त्यावर दोऱ्याचे चार-पाच वेढे देऊन गोंदाचा थेंब लावा. पिसाची कड हातावर उलटी फिरवून बघा, टोचायला नको.

ड्रॉ लेंग्थ मोजून कळवा, आणि हलकं धनुष्य व टॅब घेऊन महिनाभर मारल्यावर कुठे लाल होतंय त्याचा तळहातासह फोटो टाका. लाली अजून अनामिकेवरच असली तर मग कोपराकडे बघू.